तळघरातला समुद्र

पेंटरला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली, आणि उरलेल्यांना ते नाव कधी ठाऊकच नव्हतं. गल्लीत तो पेंटर, नाटकवाल्यांत पेंटर. दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा दारातून मान काढून ओरडायचा, "पेंटर, चला आत!" बायको 'अहो' म्हणायची. चिडली की तेही नाही, नुसतंच "ऐकलं का."

तो नाटकांचे पडदे रंगवायचा. राजवाडा, अरण्य, तुरुंग, श्रीमंताचा दिवाणखाना, गरिबाची खोली. शेवटची सगळ्यात अवघड, कारण प्रत्येक दिग्दर्शकाला गरिबी वेगळी हवी असायची. शेडमध्ये जमिनीवर कापड अंथरायचं, पायांत मोजे चढवायचे, झाडूच्या दांड्याएवढ्या काठीला ब्रश बांधायचा आणि चित्रावरून चालत चालत चित्र काढायचं. रंग म्हणजे भुकटी, खडूची पूड आणि चिकटायला हाडांचा गरम सरस. नाटक बंद पडलं की पडदा घरी यायचा. अंगणात पाण्याने खसाखसा धुतला की राजवाडा मोरीत वाहून जायचा आणि कापड नव्या चित्राला मोकळं व्हायचं. धुण्याचं काम बायकोकडे.

"तुमचं अरण्य निघता निघत नाही हो," ती अंगणातून ओरडायची. "एवढा हिरवा कशाला ओतता?"

"अरण्य आहे ते."

"असू दे. पुढच्या वेळी उन्हाळ्यातलं काढा."

तरुणपणी तो यावर खो खो हसायचा. केस पिकले तसं हसणं कमी झालं. नटांचे फोटो राहिले, लेखकांची पुस्तकं राहिली, गाणारणीची एक तबकडी अजून कुणाकुणाच्या कपाटात होती. आपलं काय राहिलं म्हणून एका दुपारी त्याने सगळं घर धुंडाळलं. माळ्यावरच्या खिडकीच्या फटीत, वारा येऊ नये म्हणून, पडद्याचा एक तुकडा बोळा करून कोंबलेला सापडला. त्यावर अर्धा चंद्र होता. बाकीचा अर्धा कुठे गेला ते बायकोलाही आठवेना.

म्हणून संग्रहालयाचे साहेब त्याला शोधत शेडमध्ये आले तेव्हा त्याने पहिला प्रश्न कामाचा विचारला नाही.

"भिंत आहे म्हणता?"

"भिंत. पक्की, वळणदार. तळघरात."

"धुणार नाही ना कुणी?"

साहेब हसले. त्यांना हा विनोद वाटला. "अहो, भिंत कोण धुतं? इमारत उभी आहे तोवर राहील."

"आणि नाव?"

"पितळेची पट्टी लावू की. उजवीकडे, खाली. रुबाबात."

त्या संध्याकाळी पेंटर घरी आला तो चपला काढायच्या आधी दारातूनच म्हणाला, "अगं, पितळेची पट्टी!"

"कसली?"

"माझ्या नावाची."

बायकोने कपाळावरचे केस कोपराने मागे सारले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "कुठलं नाव लिहिणार आहेत? पेंटर?"

"छे. खरं."

"मग एकदा लिहून द्या त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर विचारतील आणि तुम्हाला आठवायचं नाही."

*

संग्रहालयाच्या नव्या इमारतीचा पाया खणताना जमिनीखाली शिंपल्यांचा थर लागला होता. समुद्र तिथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. खणणाऱ्यांना वाटलं, जुन्या एखाद्या खानावळीचा उकिरडा असेल. मग जाणती माणसं आली आणि त्यांनी सांगितलं की खानावळ, गाव आणि खाणारा माणूस जन्माला यायच्या पुष्कळ आधीचं हे प्रकरण आहे. तेव्हा इथे किनारा होता. तो थर हलवला नाही. तळघराची एक बाजू म्हणून तसाच ठेवला: माणसाच्या उंचीचा, काळसर मातीचा, आत शिंपलेच शिंपले. त्याच्या अगदी समोर वळणदार भिंत. तिच्यावर तो जुना किनारा रंगवायचा होता.

पेंटरने पहिल्याच दिवशी खडूने लाटा आखल्या. फेसाळत्या, एकावर एक चढलेल्या. डावीकडे खडक, उजवीकडे आणखी एक खडक, आभाळात पक्षी. तो शिडीवर उभा राहून तिसऱ्या लाटेला झोक देत होता तेवढ्यात खालून आवाज आला.

"काय काढताय?"

खाली एक किरकोळ अंगाच्या बाई उभ्या होत्या. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग, नखांत माती, चपलांचे बंद सुटलेले. संग्रहालयातले पहारेकरी ज्यांना पाठीमागे शिंपलेबाई म्हणायचे, त्या याच. थराचा सगळा अभ्यास यांचा.

"समुद्र," पेंटर म्हणाला.

"कुठला?"

"कुठला म्हणजे? समुद्र तो समुद्र."

"पुसा."

पेंटर शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला. आजवर त्याला दिग्दर्शकांनी शिव्या घातल्या होत्या, निर्मात्यांनी ताटकळत ठेवलं होतं, एका नटीने तर दिवाणखान्याचा रंग तिच्या साडीला जात नाही म्हणून पडदा फाडायला काढला होता. पण पुसा? इतक्या शांतपणे?

"बाई, लोकांना लाटा लागतात."

"इथे लाटा नव्हत्या."

"तुम्ही बघायला होतात का?"

"मी नव्हते. हे होते." बाईंनी थराकडे बोट केलं. "तुम्ही तुरुंगाच्या पडद्यावर फुलदाणी काढाल का?"

"दिग्दर्शक म्हणाला तर काढीन."

"मग हेच तुमचे दिग्दर्शक. या खाली, ओळख करून देते."

पेंटर खाली आला, तो ऐकायला नव्हे, भांडायला. बाईंनी त्याच्या हातात भिंग दिलं आणि त्याची मान, एखाद्या न्हाव्याने धरावी तशी धरून, थराजवळ नेली.

"हा शिंपला बघा. दोन्ही झाकणं आहेत?"

"आहेत."

"मिटलेली?"

"मिटलेली."

"आडवा आहे की उभा?"

"उभा. म्हणजे मातीत खोचल्यासारखा."

"तो असाच जगला. चिखलात रुतून, वरच्या टोकाने पाणी ओढत. मेल्यावरही कुणी हलवला नाही. आता लाटा असत्या तर काय झालं असतं? झाकणं सुटली असती, घासून कडा गुळगुळीत झाल्या असत्या, आणि सगळी झाकणं बशा पालथ्या घालाव्यात तशी पडली असती."

"पालथीच का?"

"उताण्या बशीत वाहतं पाणी शिरतं आणि तिला उलथवतं. पालथीवरून ते निसटून जातं. ती बसते तशी बसते." बाईंनी बोटावर माती चोळून दाखवली. पिठासारखी. "आणि ही माती किती बारीक आहे बघा. अशी माती पाणी थांबलं तरच तळाला बसते. ही खाडी होती, पेंटर. खाडीही नाही, खाजण. पुढे वाळूचा दांडा, त्यात एक अरुंद मुख, आणि आत गुडघाभर संथ, मचूळ पाणी."

"म्हणजे चिखल."

"म्हणजे चिखल."

"साहेबांनी मला चिखल काढायला बोलावलंय?"

"साहेबांना अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

पेंटरलाही हसू आलं, पण ते त्याने मिशीत ठेवलं. मग तो न सांगता स्वतःच भिंग घेऊन थर बघत फिरला. मध्येच त्याने वीतभर रुंदीचा पट्टा दाखवला. तिथे वाळू होती आणि शिंपल्यांचा नुसता चुरा.

"इथे काय झालं? मारामारी?"

"वादळ. समुद्र दांडा फोडून आत आला. एका दिवसात झालं असेल सगळं."

"आणि वर परत चिखल."

"परत चिखल. जणू काही झालंच नाही."

"आणि हे अगदी वरचे? एवढेसेच का?"

बाईंनी थराच्या तळाशी बोट टेकवलं. "खाली किती तऱ्हेचे शिंपले आहेत बघा. वर येता येता कमी होत जातात. इथे दोनच जाती उरल्यात, आणि त्याही खुरट्या. मुख बुजत आलं होतं. समुद्राचं ताजं पाणी आत येईना."

"मग?"

"पाणी नासलं की शिंपला तोंड मिटून घेतो. बरं पाणी येईपर्यंत तसाच थांबतो."

"आणि नाही आलं तर?"

"बघताय ना," बाई म्हणाल्या.

पेंटरने लाटा पुसल्या. मात्र घरी जाताना पायरीवरून ओरडला, "पण रंग कुठला लावू? चिखलाला काय रंग असतो?"

*

चिखलाला काय रंग असतो ते दाखवायला बाई त्याला एका सकाळी बसने किनाऱ्याकडे घेऊन गेल्या. खऱ्या समुद्रावर नव्हे. त्याच्या अलीकडे, जिथे सहलीच्या गाड्या थांबत नाहीत, तिथे एक जिवंत खाजण होतं. ओहोटी होती. पेंटर पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, बूट राहिला.

"बाई! माझा बूट!"

"राहू दे. लाखो वर्षांनी कुणीतरी काढेल."

"आणि म्हणेल, इथे एक लंगडा राहत होता!"

बाई कमरेवर हात ठेवून इतक्या हसल्या की चिखलातले बगळे उडाले. बगळे उडाले आणि पेंटरने त्यांच्यामागे वर बघितलं, मग खाली, आणि तिथेच एक बूट घालून उभा राहिला.

चिखल राखाडी नव्हता. जिथे पाणी नुकतं उतरलं होतं तिथे तो चांदीच्या भांड्याच्या आतल्या बाजूसारखा होता. पलीकडे जांभळा. खाचांमधून मोहरीसारखा पिवळट पापुद्रा. गवताच्या मुळाशी काळा, पण तो काळाही निळ्यातून आलेला. ऊन सरकलं की सगळं पुन्हा बदलायचं. समुद्र त्याने झोपेतसुद्धा काढला असता. दोन निळे, एक पांढरा, झालं. हे त्याला येत नव्हतं. या वयात, एवढे पडदे रंगवून, न येणारी एक गोष्ट त्याच्यासमोर पसरली होती.

"वास पण काढता आला पाहिजे," तो म्हणाला.

"तेवढं नका काढू," बाई म्हणाल्या. "साहेबांना चक्कर येईल."

परतीच्या बसमध्ये तो एक पाय अनवाणी ठेवून बसला होता आणि तिकिटाच्या मागे रंगांची नावं पुटपुटत लिहीत होता. घरी बायकोने दार उघडलं. पायाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं.

"एक बूट कुठे गेला?"

"खाजणात."

"आणि एवढं हसू कशाचं येतंय?"



*

मग पेंटर तळघरातच राहिल्यासारखा राहिला. सरसाची डबी स्टोव्हवर रटरटायची, पहारेकरी नाकाला रुमाल लावून जायचे. बाई संध्याकाळी खाली यायच्या. "इथे पाणी जास्त झालं," म्हणायच्या. "इथे कालवांचे शिंपले हवेत, झाडाच्या खुंटाला धरून." एकदा त्यांनी दांड्यामागची लाट पुसायला लावली. "तिचा आवाज इकडे ऐकू येतो, दिसत नाही." पेंटरने ती पुसली आणि तिथे नुसती एक फिकट रेघ ठेवली. ती रेघ बघायला बाई अर्ध्या जिन्यावरून परत खाली आल्या. त्याला ते नाट्यगृहातल्या टाळ्यांपेक्षा बरं वाटलं.

चूक झाली ती काम संपलं त्या दुपारी.

सरसाचा रंग ओला असताना काळवंडलेला दिसतो. सुकला की चार पायऱ्या उजळतो. पडदे रंगवणारा माणूस म्हणूनच मुद्दाम गडद कालवतो, आणि नाटकवाल्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शेवटचा हात फिरला की लगेच दिग्दर्शकाला बोलवायची रीत आहे. सगळे ओल्या पडद्यासमोर उभे राहतात, दिग्दर्शक डोळे बारीक करून म्हणतो, "परवा झकास दिसेल," आणि चहा येतो. पेंटरने आयुष्यभर हेच केलं होतं. तळघर थंड होतं, तिथे रंग सुकायला दोन दिवस लागणार होते, हे सगळं त्याला कळत होतं. पण शेवटचा हात फिरला, छाती भरून आली, आणि तो रंगाच्या हातानेच जिना चढून साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, झालं! चला!"

साहेबांच्या खोलीत पाहुणे बसले होते. इमारतीला ज्यांनी मोठी देणगी दिली ते. साहेब उठले. "वा! अगदी वेळेवर. चला हो, तुम्हीही बघा."

खाली दिवे लावले. ओली भिंत दिव्यांत चकाकली. चांदी नव्हती, जांभळा नव्हता, मोहरी नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच काळपट, मेणचट ओल.

 मग पाहुण्यांतल्या वयस्क बाईंनी पदर नाकाशी नेला. वास सरसाचा होता, पण चित्राचाच वाटला.

"हे... गटार आहे का?" त्यांनी साहेबांना हळूच विचारलं.

"नाही नाही," साहेब म्हणाले. "समुद्र. म्हणजे, पेंटर, हा समुद्रच ना?"

"खाजण आहे, साहेब. ओलं आहे अजून. सुकलं की..."

"सुकलं की सुकलेलं गटार," पाहुण्यांतले एक गृहस्थ म्हणाले, आणि सगळे सुटका झाल्यासारखे हसले. साहेबही हसले. ते गृहस्थ पुढे म्हणाले, "काय हो, आम्ही नातवंडांना घेऊन हे बघायला यायचं? किनारा म्हटलं की जरा निळाई नको?"

"हवीच," साहेब म्हणाले. "निळंच होणार आहे. हा नुसता पहिला हात आहे. हो ना, पेंटर?"

सगळ्यांनी पेंटरकडे बघितलं. तो म्हणाला असता, पहिला नाही, शेवटचा. पण साहेबांचा चेहरा अशा नटासारखा झाला होता ज्याचं पुढचं वाक्य हरवलंय. आणि नटाला सावरून घ्यायची सवय पेंटरच्या हाडात होती.

"हो," तो म्हणाला.

*

दोन दिवसांनी, सकाळी, तळघराचं कुलूप उघडून तो आत गेला आणि त्याने दिवा लावला. भिंत सुकली होती.

तो खाली जमिनीवरच बसला. पाणी उतरून गेलेलं, ऊन सरकायच्या बेतात. त्याने काढलं होतं त्याहून चांगलं झालं होतं. असं आयुष्यात एकदाच होतं, आणि कधी कधी एकदाही होत नाही. त्याने साहेबांना हाताला धरून खाली आणलं. साहेब पायरीवरच थबकले.

"अरे बापरे," ते म्हणाले. खरंच म्हणाले. "हे तर सुंदर आहे, पेंटर."

"मग?"

"मग काय. त्या दिवशी का दाखवलंत?" साहेब जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. "तीन जणांसमोर मी शब्द दिलाय. त्यांना परत बोलावून सांगू की तुम्हाला तेव्हा बघता आलं नाही म्हणून? तुम्हीही 'हो' म्हणालात."

"साहेब, तुम्ही एकदा सांगून तर बघा."

"दोन वाटा आहेत," साहेब म्हणाले. आवाजात चीड नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. "तुम्ही निळं करा, पट्टी तुमच्या नावाची, ठरल्याप्रमाणे. नाहीतर छापील कागद येतो, पूर्ण भिंतीएवढा. डॉल्फिनसकट. तो चिकटवू. मग पट्टीचा प्रश्नच नाही."

त्या रात्री पेंटर जेवला नाही. बायको समोर बसून राहिली.

"तुम्ही काय विचार करताय ते मला दिसतंय," ती म्हणाली. "चिखल ठेवायचा आणि डॉल्फिनखाली गाडून घ्यायचा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. बाईंना कळेल."

"त्या बाई त्यांच्या पगारावर आहेत. तुम्ही कशावर आहात?" मग तिचा आवाज उतरला. "ऐकलं का. मी तुमचा राजवाडा या हातांनी धुतलाय. एकदा नाही. त्या अरण्यात एक हरीण होतं, आठवतं? झाडाआड, कुणाला न दिसेल असं. ते मी सगळ्यात शेवटी धुतलं. मनात म्हटलं, राहू दे, नंतर धुवू. पण कापड हवं होतं. मला एक भिंत हवी आहे, जी मला धुवावी लागणार नाही. तिच्यावर निळं असो नाहीतर काळं."

हरणाचं तिने कधी सांगितलं नव्हतं. 

बाईंना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्या काय म्हणतील ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने रविवार निवडला. रविवारी बाई येत नसत. सकाळी त्याने दोन निळे कालवले, एक पांढरा. चांदीवर पहिला फटकारा मारताना त्याने डोळे मिटले. दुसऱ्या फटकाऱ्याला मिटले नाहीत. दुपारपर्यंत हात सैल सुटला होता, लाटा आपसूक येत होत्या, फेस ब्रशच्या टोकातून नुसता उडत होता. शेवटी खडक काढताना तो चक्क गुणगुणत होता. ते लक्षात आल्यावर तो गप्प झाला.

*

उद्घाटनाला गर्दी झाली. तळघरात पाऊल ठेवलं की माणसं "अहाहा!" म्हणायची. वयस्क पाहुण्या बाईंनी पेंटरचा हात हातात घेतला. "काय जादू केलीत हो! तेव्हा किती मेलं गटार वाटत होतं!" लोक भिंतीकडे पाठ करून फोटो काढत होते आणि समोरच्या थराकडे कुणी बघत नव्हतं, कारण थर काळा होता आणि समुद्र निळा. बायको नवी साडी नेसून पट्टीजवळ उभी होती. पट्टीवरचं नाव ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत होती. "हे आमचे. हो, हेच नाव. तुम्ही पेंटर म्हणता ते."

शिंपलेबाई कुठे दिसेनात. पेंटर गर्दीतून वाट काढत वर त्यांच्या खोलीत गेला. बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर थराजवळ लावायची पाटी होती, चिकटवायच्या पातळ कागदावर छापलेली.

"या," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होते. खाली वाहवा चाललीय ना?"

"बाई, मी सांगणार होतो..."

"रविवारी?" बाईंनी चष्मा काढला. "बसा. भांडायला नाही बोलवत. मी जरा तुमची मदत घेते. ही पाटी आहे. आधीची मी लिहिली होती, खाजणाची. मिटलेले शिंपले, बारीक गाळ, वादळ, बुजलेलं मुख. साहेब म्हणाले, चित्रात लाटा आणि पाटीवर चिखल, लोक हसतील. एकाने दुसऱ्यासारखं व्हायला हवं."

"मग तुम्ही म्हणायचं ना, चित्र चुकलंय!"

"कुणाच्या जोरावर?" बाईंचा आवाज तसाच शांत होता, त्या 'पुसा'च्या वेळी होता तसा. "चिखल भिंतीवर असता तर मी पाटीसाठी भांडले असते. त्यांनी छापील कागद चिकटवला असता तरी भांडले असते; म्हटलं असतं, हा बाजारातला कागद आहे, याला काय कळतं. पण ज्या माणसाला मी शिंपला न् शिंपला दाखवला, त्याने स्वतःच्या हाताने लाटा काढल्या आणि खाली नाव घातलं. साहेब मला तेच म्हणाले. 'तुमच्या पेंटरलाही पटलंय की.' मी काय बोलणार होते?"

पेंटर खुर्चीत पुढे सरकला. "तुम्ही नाही म्हणू शकला असतात."

"हो," बाई म्हणाल्या. "शकले असते. तुमच्यासारखीच."

खालून टाळ्यांचा आवाज आला. साहेबांचं भाषण सुरू झालं असावं. बाईंनी पाटी त्याच्याकडे सरकवली.

"वाचा. चित्राशी जुळतंय का तेवढं सांगा. मला आता निळ्यातलं काही कळत नाही."

त्याने वाचलं. लिहिलं होतं की फार पूर्वी इथे मोकळ्या समुद्राचा किनारा होता, लाटा येऊन आदळत आणि त्यांच्याबरोबर वाहत आलेल्या शिंपल्यांचा हा थर साचला. भाषा सोपी होती, नेटकी होती. मिटलेल्या झाकणांबद्दल काही नव्हतं. वर पोचेपर्यंत खुरटत गेलेल्यांबद्दल काही नव्हतं.

"जुळतंय," पेंटर म्हणाला.

"मग खाली जाताय तर लावून टाका. पहारेकरी फोटोत अडकलेत."

पाटी घेऊन तो जिना उतरला. थरासमोर गर्दी नव्हतीच, त्यामुळे जागा लगेच मिळाली. मागचा कागद सोलला, वरची कड आधी टेकवली, मग हाताच्या कडेने वरून खाली, मधून बाहेर, हवा काढत काढत पाटी बसवली. एक पाऊल मागे जाऊन डोळे बारीक करून बघितलं. एकही बुडबुडा नव्हता. अगदी सरळ बसली होती.

"अहो!" पट्टीजवळून बायकोने हाक मारली. "या ना इकडे! फोटो काढायचाय, नावाबरोबर!"

"आलो," तो म्हणाला, आणि बोटांना लागलेला डिंक पँटला पुसत तिकडे गेला.